नेटिव्ह

लॅमिंग्टन रोडवर जुनं यंत्र विकताना
हुजैफाभाईंनी आधी मलाच विचारलं,
"तुमचं नेटिव्ह कुठलं?"
राजापूर, म्हटलं.
"आमचं सिद्धपूर. गेलोय दोनदा."
मग बाहीनं खोक्यावरची धूळ पुसून:
"प्रोसेसर चांगला आहे हो.
याला कुणी पुरतं राबवलंच नाही."

ते वाक्य यंत्रासोबत टॅक्सीत घालून
मी माझगावला आणलं,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे गोदीचे हजेरीपट
आता कागद नाहीत, नुसता मजकूर आहेत;
चार पोरांनी दोन वर्षं बसून टंकलेला,
त्यांच्या जांभयांसकट.

शोधायचं हत्यार आयतं मिळतं.
काळ्या खिडकीत नाव टाका, एंटर दाबा.
पण आयतं म्हणजे वाढत्या अंगाचं शिवलेलं,
कुठल्याही यंत्रावर चढावं म्हणून
वीस वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला झेपेल
तेवढंच मागणारं.
आणि माझा हा, रुंद छातीचा,
हमालाला पोस्टकार्ड उचलायला सांगावं तसा
उभा.

रात्री मूळ संहिता उतरवून घेतली.
बांधणीच्या आज्ञेत एकच शब्द वाढवायचा होता:
ज्या प्रोसेसरवर बांधतोयस त्याच्यासाठी बांध,
त्याला जे जे येतं ते सगळं वापर.
तो शब्द, नेटिव्ह.
मी एकटाच हसलो.
या शहरात यंत्रालाही तो प्रश्न चुकला नाही.

पंखा घोंघावला. टेबल कोमट झालं.
इशाऱ्यांच्या तीन पिवळ्या ओळी आल्या, गेल्या.
खाली गेटवरचे दुधवडकर रेडिओ बंद करून झोपले
तेव्हा बांधणी संपली.

आधी खडे निवडावेत तसं चालायचं,
हा नाही, हा नाही, हा नाही.
आता सूप.
एका हुकमात बत्तीस बाइट.
देवनागरीचं अक्षर तीन बाइटांचं,
म्हणजे एका झटक्यात दहा अक्षरं
आणि दोन बाइट काठावर लोंबकळत,
पुढच्या झटक्याची वाट बघत.

चाळीस सेकंदांचे नऊ झाले.
हे काही मोठं नाही, मला कळतं.
पण चाळीस सेकंदांत माणूस खुर्चीवरून उठतो,
नऊ सेकंदांत बसून राहतो.

धाकू सोनू नाचणकर.
सकाळी त्यांची मुलगी आली होती,
प्लास्टिकच्या पिशवीत बिल्ला घेऊन.
धाकू: नाही.
धाकु: नाही.
दाकू, धाकुजी, डी. एस.: नाही, नाही, नाही.
वेग वाढला तो आधी नकारांचाच.
पूर्वी तिसऱ्या नकाराला मी चहाला जायचो
आणि परत येईपर्यंत नाव विसरायचो.
सतराव्या खेपेला
कुणा पोराच्या जांभईतून ते निघालं:
ढाकू. पाळी दुसरी. मजुरी सव्वा तीन.
नेटिव्ह: नाचणे.

मी ते हत्यार काडीत भरून
दुसऱ्या मजल्यावर आरोंदेकरबाईंना दिलं.
त्यांचं यंत्र माझ्याहून सात वर्षांनी थोरलं.
एंटर दाबलं आणि एकच ओळ आली,
बेकायदेशीर आज्ञा,
आणि सगळं बंद.
बाईंनी चष्मा वर केला:
"मी काय बेकायदेशीर केलं रे?"

काही नाही, बाई.
ते माझ्याकडचं आहे. तुमच्याकडे त्याला
कुणी ओळखत नाही.

तो शब्द काढून पुन्हा बांधलं.
त्यांच्याकडे चालतं. एक मिनिट दहा सेकंद.
तेवढ्यात बाई आधीचं नाव
वहीत शाईनं लिहून घेतात,
ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून,
आणि खुर्चीवरून उठत नाहीत.